तेवीस नाणी, वजन बरोबर

समुद्र न्यायी असतो. राजाचं धन आणि खलाशाचा डबा तो सारख्याच थंडपणे पोटात घेतो, आणि शतकं उलटल्यावर, आपल्या मर्जीने, ज्याची पात्रता असेल त्याच्या हातात परत ठेवतो.

ही वाक्यं एका माहितीपत्रकात छापलेली होती. ते माहितीपत्रक समुद्रापासून बऱ्याच अंतरावर, चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तयार झालं होतं, आणि ज्याने ते लिहिलं त्याला पोहता येत नव्हतं. त्याचा धंदा बुडालेल्या जहाजांमधली जुनी चांदीची नाणी विकण्याचा होता, म्हणून गिऱ्हाइकं त्याला खलाशी म्हणायची. तोही त्या नावाला ओ द्यायचा.

खलाशाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कडक गिऱ्हाईक म्हणजे काटेसाहेब. हेही खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं काढल्यावर बाजाराने त्यांना ते बहाल केलं होतं. काटेसाहेबांच्या उजव्या तळव्याची दुकानदारांना दहशत होती. दुकानात शिरावं, गल्ल्याशेजारचं किलोचं वजन उचलावं, तळहातावर दोनदा हलवावं आणि म्हणावं, "हे चार ग्रॅम कमी आहे." मग खात्याच्या काट्यावर ते चार ग्रॅमच कमी भरायचं. साहेबांनी आयुष्यात लाच घेतली नाही, चहा घेतला नाही, आणि एकदा ऊन लागून चक्कर आली तेव्हा दुकानदाराने पुढे केलेलं पाणीही आधी नको म्हणाले होते.

या प्रामाणिकपणाचं फळ म्हणून त्यांची सही शहरातल्या प्रत्येक वजनावर होती. फक्त ती वजनाच्या बुडाला असायची. शिक्का मारायची जागाच तिथे असते. ते निवृत्त झाले त्या दिवशी बाजारात मेजवानी झाली. त्यांना बोलावलं नव्हतं.

साहेबांच्या मनात एक इच्छा होती ती यातूनच आली होती. आपलं नाव कुठेतरी वरच्या बाजूला असावं. लोकांना वाचायला वजन उलटं करावं लागू नये.

निवृत्तीनंतर त्यांनी दोन निश्चय केले. एक, काही तरी संग्रह करायचा. दोन, घरात काटा आणायचा नाही. "एकतीस वर्षं मोजलं, आता फक्त बघणार," असं त्यांनी बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "बघा. नाही तरी घरातलं काही तुम्ही बघितलेलं नाही."

खलाशाकडे ते पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने मखमलीच्या तुकड्यावर एक नाणं ठेवलं. काळपट, वेडंवाकडं, एका बाजूला कड कुरतडल्यासारखी पातळ झालेली. खलाशाने आवाज खाली आणला. "तीनशे वर्षं पाण्यात होतं, साहेब. मिठाच्या पाण्याने चांदी खाल्ली जाते. पेटीच्या मधलं नाणं वाचतं, कडेचं झिजतं. हे कडेचं आहे."

साहेबांनी नाणं उजव्या तळव्यावर घेतलं, दोनदा हलवलं आणि परत मखमलीवर ठेवलं.

"कमी भरतंय," ते म्हणाले.

"साहेब, समुद्राने खाल्लंय."

"कुणी खाल्लं ते मला नका सांगू. दुकानदार उंदरांचं नाव घेतात. पुऱ्या वजनाचं असेल तर दाखवा."

खलाशाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "आठवड्याने या."

आठवड्याने आलेलं नाणं साहेबांच्या तळव्याला पटलं. पुढची सात वर्षं दर तीन-चार महिन्यांनी एक याप्रमाणे तेवीस नाणी आली आणि प्रत्येक नाणं पटत गेलं. प्रत्येकाबरोबर जाड कागदाचं प्रमाणपत्र असायचं. त्यावर जहाजाचं चित्र, वादळाची तारीख आणि ज्या पाणबुड्याने ते नाणं वर आणलं त्याची सही. साहेब संध्याकाळी नाणी टेबलावर मांडून बसायचे. अशी नाणी घासायची नसतात, पुसायची नसतात, कडेला धरून उचलायची असतात. बायकोला टेबल पुसायचं असायचं.

साहेबांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर होता. रविवारी यायचा, नाण्यांकडे वाकून बघायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "भाऊजी, कीड लागलीय. काढून टाकू या?"

"तुला इतिहास कळत नाही."

"मला किडलेलं कळतं. रोज तेच बघतो."

"ताई, तूच सांग," असं म्हणून तो बहिणीकडे वळायचा. बहीण म्हणायची, "मला दोघंही कळत नाहीत. चहा घेणार की जाणार?"

अशी सात वर्षं गेल्यावर शहराच्या संग्रहालयाचं पत्र आलं.

संग्रहालय म्हणजे जुन्या इमारतीतल्या तीन खोल्या. पहिल्या खोलीत पेंढा भरलेले पक्षी, दुसरीत लोखंडी अवजारं, आणि तिसऱ्या खोलीच्या दारावर 'सागरी दालन' अशी पाटी. त्या दालनात एक नांगर, एक लाकडी होडी आणि भिंतीवरचा ओलीचा मोठा डाग होता, आणि येणारे लोक डागाकडेच जास्त वेळ बघायचे. संग्रहालयाच्या प्रमुख बाई हुशार होत्या आणि त्यांच्याकडे पैसे नव्हते, त्यामुळे त्या पत्रं फार सुंदर लिहायच्या. आपण आपला अमूल्य संग्रह द्यावा, सोबत तो ठेवण्यासाठी एक काचेचं कपाटही द्यावं, आणि त्या कपाटावर आपल्या नावाची पितळी पाटी कायमची राहील.

साहेबांनी 'कायमची' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली.

सुतार बोलावला. चांगलं लाकूड, तीन बाजूंना काच, भक्कम कुलूप. सुतार म्हणाला पाटी बाहेरून ठोकतो. साहेब म्हणाले, "बाहेरून ठोकली तर उद्या कुणी काढेल. स्क्रू आतून घाला आणि वर फळी चिकटवा." पाटीवर त्यांचं पूर्ण नाव आणि खाली 'यांचा संग्रह' असं कोरलं होतं. ती पाटी घरी आली तेव्हा साहेबांनी ती दोन दिवस नुसती दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवली. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, माझ्या दवाखान्याची पाटी एवढी असती तर लोक घाबरून आले नसते."

कपाट संग्रहालयात पोचलं. पाठोपाठ देणगीचा छापील अर्ज आला. अनुक्रमांक, वस्तूचं वर्णन, धातू, स्थिती असे रकाने होते. पाचवा रकाना होता वजन.

घरात काटा आणायचा नाही हा निश्चय साहेबांनी एका दुपारपुरता बाजूला ठेवला. जुन्या कार्यालयातून सोनारी काटा आणला. त्याच्या बुडाला त्यांचीच सही होती. पंखा बंद केला, खिडकी लावली, बायकोला खोलीत फिरू नकोस म्हणून सांगितलं आणि पहिलं नाणं ठेवलं. चोवीस पूर्णांक सहा ग्रॅम. दुसरं ठेवलं. चोवीस पूर्णांक सहा. तिसरं. चोवीस पूर्णांक सहा.

अकराव्या नाण्यापर्यंत साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही. ज्या माणसाने एकतीस वर्षं भरबाजारात फिरून दोन वजनं एकमेकांशी जुळलेली क्वचितच पाहिली, एका गल्लीतला किलो दुसऱ्या गल्लीतल्या किलोशी बोलत नाही हे दु:ख उराशी घेऊन जो निवृत्त झाला, त्याच्यासमोर तेवीस नाणी एका सुरात चोवीस पूर्णांक सहा म्हणत होती. साहेबांनी वजनाचा रकाना सुवाच्य अक्षरात भरला. मग न राहवून अर्जाला एक टिपण जोडलं: 'तीनशे वर्षे समुद्राच्या तळाशी राहूनही एकाही नाण्याने दशांश ग्रॅमचाही दगा दिलेला नाही. आजच्या व्यापाऱ्यांनी यापासून बोध घ्यावा.' अर्ज स्वतः जाऊन देऊन आले आणि पोचपावती घेतली.

टिपणाची नक्कल त्यांनी जेवताना बायकोला वाचून दाखवली. बायको मिठाची बरणी शोधत होती.

"सगळी सारखी?" तिने विचारलं.

"तंतोतंत."

"आणि समुद्राने खाल्लेली?"

"तीनशे वर्षं."

"मग तो फार मोजून खातो." तिला बरणी सापडली. "आपल्या घरात दोनच माणसं, दोन साबण. एका दिवशी फोडले तरी महिन्याने तुमचा निम्मा असतो आणि माझा पाऊण. तुम्ही पाण्यात ठेवता म्हणून. इथे तेवीस, आणि तीनशे वर्षं."

साहेबांचा घास हातातच राहिला.

जेवण झाल्यावर ते उठून काट्यापाशी गेले आणि तेवीस नाणी पुन्हा तोलली. ती अजूनही बरोबर होती. पंचवीस वर्षांपूर्वी एका किराणा दुकानात त्यांनी एकाच साच्यातून ओतलेली सोळा खोटी वजनं पकडली होती. तीही एकमेकांशी अशीच जुळली होती. त्या प्रकरणात त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब चपलांच्या दुकानाचा जिना चढले. खलाशी वर्तमानपत्र वाचत होता.

"ही कुठली आहेत?" साहेबांनी डबा टेबलावर ठेवला.

"समुद्रातली, साहेब."

"सगळी एका वजनाची आहेत."

खलाशाने वर्तमानपत्राची घडी घातली. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट इतके दिवस आपल्या कामाची दखल कुणी घेतली नाही अशी थोडी खंत होती. "साहेब, रागावू नका. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी काय दाखवलं होतं?"

"कमी वजनाचं."

"ते खरं होतं. आयुष्यात माझ्या हाताला लागलेलं तेवढं एकच. मी स्वतः विश्वास न बसून दोनदा तपासून घेतलं होतं. तुम्ही हातावर तोललंत आणि परत ठेवलंत. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले, त्यांनी तिप्पट देऊन नेलं. तोललंही नाही."

"मग मला हे का दिलंत?"

"तुम्ही म्हणालात पुऱ्या वजनाचं पाहिजे. समुद्रातून पुऱ्या वजनाचं येत नाही, साहेब. मग मी करून घ्यायला लागलो. शाळांसाठी करंडक बनवणारा एक ओतारी आहे, फार सच्चा माणूस. मी त्याला बजावून ठेवलं होतं, हे गिऱ्हाईक कडक आहे, दशांश ग्रॅम इकडे तिकडे झालेला चालणार नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकांसाठी तो एवढे कष्ट घेत नाही."

"चांदी आहे का?"

"वरून आहे."

"आणि पाणबुड्याची सही?"

"सही त्याचीच. माझा साडू आहे. पोहण्याच्या तलावावर कामाला आहे." खलाशाने साहेबांसमोर पाण्याचा ग्लास सरकवला. "पंधरा दिवस द्या. प्रत्येक नाणं वेगवेगळं घासून देतो. एक तेवीस ग्रॅम, एक साडेबावीस, एकाची कड पार उडवू. अगदी खऱ्यासारखं होईल. तुमच्याकडून वर काही घेणार नाही."

साहेबांनी ग्लासाला हात लावला नाही. एकतीस वर्षांत लोकांनी त्यांना कमी वजन पुरं आहे असं पटवायला पाहिलं होतं. पुरं वजन कमी करून देण्याची तयारी दाखवणारा हा पहिलाच.

तिथून ते थेट संग्रहालयात गेले. सागरी दालनात त्यांचं कपाट उभं होतं, ओलीच्या डागाच्या अगदी समोर, त्यामुळे डाग बराचसा झाकला होता. पाटी चकाकत होती. साहेब तिच्यासमोर थोडा वेळ उभे राहिले. मग बाईंच्या खोलीत गेले.

"नाणी खोटी आहेत," ते म्हणाले.

बाई निमंत्रणपत्रिकांवर पत्ते लिहीत होत्या. "कोण म्हणालं?"

"मी म्हणतो."

"तुम्ही देणगीदार. देणगीदाराला तसं म्हणता येत नाही. ते तज्ज्ञ समितीने म्हणायचं असतं."

"मग समितीला बोलवा."

"समिती एका सदस्याची आहे," बाई म्हणाल्या. "नाण्यांचे जाणकार म्हणून आम्ही तुमचंच नाव घातलंय. शहरात दुसरं कुणी सापडलं नाही."

"मग समिती म्हणते खोटी आहेत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा साहेब, सात दिवसांनी उद्घाटन आहे. पाहुणे ठरलेत, पत्रिका छापून आल्यात. इथे येणारा माणूस खोलीत सरासरी दोन मिनिटं थांबतो, त्यातलं एक मिनिट तो डाग बघतो. अर्जातला वजनाचा रकाना आजवर कुणी वाचलेला नाही. मीसुद्धा नाही. पक्ष्यांच्या खोलीतल्या घुबडाचा एक डोळा शर्टाचं बटण आहे. तीस वर्षांत एकाने तरी विचारलं का? तुम्ही फक्त गप्प बसायचं आहे. पाटी राहील, नाव राहील."

काटेसाहेबांना ही भाषा ओळखीची होती. प्रत्येक गल्ल्यामागे त्यांनी ती ऐकली होती, आणि दर वेळी त्यांना प्रश्न पडायचा की समोरच्या माणसाला हे बोलवतं तरी कसं. आज पहिल्यांदा त्यांना तो प्रश्न पडला नाही. बाईंचं बोलणं त्यांना फार सुसंगत वाटलं. "सोमवारी सांगतो," असं म्हणून ते घरी आले.

घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण बायकोला सगळं कळलं, कारण कुणी न सांगताच त्यांनी चपला जागेवर ठेवल्या.

"मी तो साबणाचा विषय काढायला नको होता," ती म्हणाली.

"बाई म्हणतात कुणी बघत नाही."

"खरंय. वजनाच्या बुडालाही कुणी बघत नव्हतं. तरी तुम्ही एकतीस वर्षं बघितलंतच ना."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मेहुणा आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर नाणी एका रांगेत होती, शेजारी काटा, लाख, मेणबत्ती आणि दोन प्रतींत लिहिलेला कागद.

"बस," साहेब म्हणाले. "तू साक्षीदार आहेस."

"कसला?"

"जप्तीचा. ताई दुसरी साक्षीदार."

मेहुण्याने कागद वाचायला घेतला. 'अमुक तारखेस, अमुक पत्त्यावर छापा घातला असता तेवीस खोट्या वस्तू मिळून आल्या. मालक जागेवर हजर होता. मालकास विचारणा केली असता त्याने प्रथम उडवाउडवीची उत्तरे दिली व नंतर गुन्हा कबूल केला.' त्याने मान वर केली. "भाऊजी, उडवाउडवी कधी केलीत?"

"काल सकाळी. जिन्यात. मनातल्या मनात."

"'मालकाची वागणूक सहकार्याची होती,'" मेहुण्याने पुढचं वाचलं.

"सहकार्याची?" बायको म्हणाली. "हे खोडा, तरच मी सही करीन."

बराच खल झाल्यावर 'सर्वसाधारण' असा शब्द घालण्यात आला. मालक म्हणून साहेबांनी डाव्या बाजूला सही केली आणि निरीक्षक म्हणून उजव्या बाजूला. एक प्रत नियमाप्रमाणे मालकाला द्यायची असते, ती त्यांनी स्वतःकडून स्वतःकडे घेतली आणि पोचल्याची सही केली. मेहुण्याने एकदाही किडीचं नाव काढलं नाही. लाख वितळवताना त्याने मेणबत्ती धरली, आणि पिशवी शिवून झाल्यावर म्हणाला, "भाऊजी, तुम्ही माझ्या धंद्यात असता तर लोकांनी दातच येऊ दिले नसते." हे तो कौतुकाने बोलला असावा.

सोमवारी साहेबांनी संग्रहालयात दोन ओळींचं पत्र दिलं: समितीने संग्रह नाकारला आहे, देणगीदाराची हरकत नाही. बाईंनी ते वाचून विचारलं, "आणि कपाट?"

"कपाट खरं आहे," साहेब म्हणाले.

तिथून ते सीलबंद पिशवी घेऊन आपल्या जुन्या कार्यालयात गेले. त्यांच्या खुर्चीवर आता एक तरुण निरीक्षक बसत होती. तिने त्यांना बसायला सांगितलं, कागद दोनदा वाचला, पिशवी उघडली आणि सगळी नाणी एकेक करून काट्यावर ठेवली. साहेबांना तिची पद्धत आवडली.

"सर, दोन अडचणी आहेत," ती म्हणाली. "एक म्हणजे निवृत्त अधिकाऱ्याला जप्ती करता येत नाही."

"मला माहीत आहे. म्हणून तर तुझ्याकडे आणलं. दुसरी?"

"दुसरी म्हणजे तेवीसच्या तेवीस अगदी सारख्या वजनाची आहेत. आमच्या खात्याच्या दृष्टीने यात गुन्हाच नाही." मग तिने विचारलं, "सर, हे ओततो कोण? आम्हाला नमुन्याची वजनं बनवायला असा माणूस तीन वर्षं मिळत नाहीये."

साहेबांनी करंडकवाल्याचा पत्ता दिला. तिने कागदावर 'वजन बरोबर' असा शेरा मारून पिशवी परत केली.

उद्घाटन ठरल्या दिवशी झालं, कारण पाहुणे ठरलेले होते. त्यांनी रिकाम्या कपाटाचं कुलूप उघडलं, आत बघितलं, आणि सागरी परंपरेवर वीस मिनिटं बोलले. साहेब शेवटच्या रांगेत होते. बायको शेजारी बसली होती आणि मेहुणा उशिरा आला होता.

पाटी काढायचा बाईंनी प्रामाणिक प्रयत्न केला, पण स्क्रू आतून होते. त्यामुळे साहेबांचं पूर्ण नाव आणि 'यांचा संग्रह' ही अक्षरं जागच्या जागी आहेत. कुलूप चांगलं असल्यामुळे लोक संग्रहालयात विसरून जातात त्या छत्र्या या कपाटात ठेवल्या जातात. सध्या एकोणीस आहेत.